पिकअपचा मागचा बंपर घरी बदलताना

वसई-विरारच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने गाडीच्या तळाचे लोखंड लवकर गंजते. त्यामुळे पिकअपचा मागचा बंपर बदलताना खरी कसोटी जुन्या बोल्टांशी असते. गंज सोडवणारे तेल त्यांवर आदल्या रात्रीच सोडावे; घाईने पाना चालवल्यास बोल्ट तुटतो आणि चासीत अडकलेल्या तुकड्यासाठी अखेर गॅरेजच गाठावे लागते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, बॅटरीची ऋण तार सोडवावी, नंबर प्लेटच्या दिव्याची जोडणी अलग करावी. बंपर जड असतो. शेवटचे बोल्ट काढताना दुसरा माणूस हवाच. नवा बंपर बसवताना बोल्ट आधी सैल लावावेत आणि दोन्ही बाजूंची उंची जुळल्यावरच आवळावेत.

नंबर प्लेट बंपरवरच असेल, तर मात्र आधी अधिकृत केंद्रात चौकशी करावी. उच्च सुरक्षा प्लेटचे मागचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाही.

मूळ बंपरऐवजी लोखंडी पाइपांचा गार्ड लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. वाहनांवरील असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते.