विक्री की परवाना? : सॉफ्टवेअर करार आणि लघुउद्योजक

पिंपरीहून पवना ओलांडली की लागणारी काळेवाडी ही मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती होय. या औद्योगिक पट्ट्यात सुटे भाग बनविणाऱ्या लहान वर्कशॉपकडे ड्रॉइंग संगणकीय फाईलच्या रूपात येते. ती उघडण्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावे लागते आणि घेताना पडद्यावर उमटणारा इंग्रजी करार मान्य केल्यावाचून काम पुढे सरकत नाही. पुढे वर्कशॉप बंद करण्याची वेळ आली तर मालक लेथ विकू शकतो, कॉम्प्रेसर विकू शकतो. सॉफ्टवेअर मात्र बहुधा विकू शकत नाही. करारानुसार त्याने ते विकत घेतलेलेच नसते, केवळ वापराचा परवाना घेतलेला असतो. ही भूमिका कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणक प्रणालीची प्रत विकण्याचा हक्क निर्मात्याकडे राखला होता, मग ती प्रत पूर्वी विकली गेलेली असली तरीही. १९९९ च्या दुरुस्तीत संसदेने ही पुस्ती वगळली. म्हणजे एकदा विकलेल्या प्रतीवरील निर्मात्याची पकड कायद्याने सैल केली; करारांनी मात्र ती पुन्हा आवळली.

करांच्या खटल्यांतून निघालेले निष्कर्षही असेच बोलके आहेत. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तयार सॉफ्टवेअर हा 'माल' असल्याचे ठरवून त्यावरील विक्रीकर ग्राह्य धरला. पुढे २ मार्च २०२१ रोजी 'इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस' खटल्यात, परवाना म्हणविला जाणारा असा व्यवहार वस्तुतः मालाची विक्रीच आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. परदेशांत मतभेद दिसतात. अमेरिकेत २०१० साली ऑटोडेस्कच्या वापरलेल्या प्रतींच्या प्रकरणात परवान्याची बाजू टिकली. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली ओरॅकलविरुद्धच्या खटल्यात पुनर्विक्रीस मुभा दिली.

निर्मात्यांची भीती अगदीच निराधार नाही. लेथची नक्कल बटण दाबून होत नाही, सॉफ्टवेअरची होते. परंतु अवैध प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. त्यासाठी प्रामाणिक खरेदीदाराचे हात बांधण्याचे कारण प्रस्तुत लेखकास पटत नाही.

खरी अडचण दाद मागताना येते. 'सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट' खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने असमान बळाच्या पक्षांमधील अन्याय्य अटी रद्दबातल ठरविल्या. मात्र दोन्ही पक्ष व्यापारी असलेल्या व्यवहारास हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही, असेही नमूद केले. विधी आयोगाने १९८४ व २००६ च्या अहवालांत अन्याय्य अटींविरुद्ध कायदा सुचविला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही संज्ञा अखेर आली. परंतु व्यापारी हेतूने खरेदी करणारा त्यातून वगळला गेला. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करणाऱ्यास तेवढा अपवाद आहे. स्वतःच लेथवर उभा राहणारा कारागीर त्यात बसू शकेल. त्याने चार कामगार ठेवले की तो कायद्याच्या दृष्टीने व्यापारी ठरण्याचा संभव असतो, आणि करार लिहिणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या बरोबरीचा मानला जातो.