अठरा वर्षांनंतर काय?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मंडळाच्या जुन्या हकिगती सांगाव्यात असेच प्रथम मनात आले. परंतु ते काम माझ्याहून जुन्या भगिनी अधिक चांगले करतील. मी निराळाच इतिहास सांगणार आहे. तो आपल्या आळीतल्या चार-दोन घरांत घडून गेला आहे आणि आणखी काही घरांत घडावयाचा आहे. अपंग मूल मोठे होते, सज्ञान होते, तेव्हा त्याचे पुढे काय, याचा हा इतिहास.

प्रारंभ घरापासूनच करते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा १९७५ साली जन्मला. त्याची समज वयाच्या मानाने हळूहळू वाढत होती. अशा मुलांना त्या काळी ‘मतिमंद’ म्हणत. जाऊबाईंनी कपाळाला हात लावून न बसता त्याला खास शाळेत घातले आणि रोज दोन बसगाड्या बदलून त्याची ने-आण केली. तेथे तो शर्टाची बटणे लावावयास, नाणी ओळखावयास, वस्तू मोजून द्यावयास शिकला. १९९३ साली त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. शाळेने श्रीफळ देऊन त्याला प्रेमाने निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे गणवेश घालून, डबा घेऊन ओट्यावर येऊन बसला. असे पुष्कळ दिवस चालले. ‘उद्यापासून शाळा नाही’ एवढे आम्ही त्याला सांगितले होते. ‘मग उद्यापासून काय?’ हे मात्र आम्हांलाच ठाऊक नव्हते.

हे असे का व्हावे? त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडे अपंगांची चिंता सुरू झाली ती लहान मुलांपासून, आणि ते स्वाभाविकही होते. मुंबईस १९०० साली मिस अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांची शाळा काढली. १९४४ साली मुंबईतच जय वकील या बाईंनी व त्यांच्या यजमानांनी आपल्या दीना या मुलीसाठी घरीच शिकवणे सुरू केले. त्यातून आज त्यांच्या नावाने चालणारी मोठी संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ स्थापन केली. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी केंद्र उघडले, कारण त्यांची स्वतःची मुलगी मालिनी हिला योग्य अशी शाळा मिळत नव्हती. भगिनींनो, यांतल्या दोन संस्था आईच्या पदराखाली जन्मल्या हे ध्यानात घ्या. सरकार मागाहून आले, आई आधी आली.

मात्र शाळा ही शेवटी शाळाच. मूल मोठे झाले की तिचे दार मागे बंद होते. ‘कामायनी’सारख्या काही संस्थांनी हे ओळखून शाळेला जोडून उद्योगकेंद्रे काढली, पण ती गावोगाव कोठून असणार?

नोकरीच्या बाजूनेही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अपंगांसाठी देशातली पहिली खास सेवायोजन कचेरी १९५९ साली मुंबईतच उघडली. १९७७ साली केंद्र सरकारने खालच्या दोन वर्गांतील नोकऱ्यांत शेकडा तीन जागा राखून ठेवल्या. त्या अंधांसाठी, बहिऱ्यांसाठी आणि हातापायांनी अधू असलेल्यांसाठी होत्या. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातही तीच गोष्ट. त्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिले, परंतु नोकरीच्या राखीव जागांत आमच्या मुलासारख्यांना वाटा नव्हताच.

आणि पालकत्वाचे त्रांगडे तर विचारूच नका. १८७५ च्या कायद्याप्रमाणे माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. त्या दिवसापासून त्याच्या वतीने सही करण्याचा हक्क आईबापांनाही उरत नाही. पूर्वी १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यात मनोरुग्ण आणि समज कमी असलेले, सगळे एकाच दावणीला बांधलेले होते. १९८७ च्या नव्या कायद्याने समज कमी असलेल्यांना त्यातून वगळले. हे योग्यच झाले, कारण ते काही वेडे नव्हेत. पण तो कायदा एप्रिल १९९३ मध्ये अंमलात आला आणि त्यांच्यासाठी दुसरी सोय मात्र झाली नाही. म्हणजे आमचा मुलगा ज्या वर्षी सज्ञान झाला, त्याच वर्षी जुना रस्ता बंद झाला आणि नवा अजून खणावयाचाही होता. बँकेत त्याच्या नावे ठेवलेल्या पैशांसाठी जाऊबाईंनी किती हेलपाटे घातले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याच सुमारास, फेब्रुवारी १९९४ मध्ये, पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकल्याची बातमी आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे जड जाते, असे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्या मुलींना कोणी काही विचारले असेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

अखेर १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. जिल्हाधिकारी, एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांची स्थानिक समिती पालक नेमू लागली. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामापुरती आहे, हे समितीने आधी पाहावयाचे असते. पालकाने मिळकतीचा हिशेबही दरसाल द्यावयाचा असतो. ‘माझ्यामागे याचे कोण?’ या जाऊबाईंच्या काळजीला पहिला आधार मिळाला तो येथे. आमचा अर्ज गेला तेव्हा समितीतील चाकाच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ आम्हां मोठ्या माणसांकडे न पाहता सरळ मुलाला म्हणाले, “आईच्या जोडीला तुमच्या कामात मदत कोणी करावी असे तुम्हांला वाटते?” त्याने माझ्याकडे बोट केले. ‘तुम्ही’ म्हणून त्याला हाक मारणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

यापूर्वीची एक गोष्ट कबूल केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. दिवाळीच्या आधी आपल्या मंडळात चकलीच्या भाजणीच्या पुड्या भरावयाचे काम चाले. मी त्याला सोबत नेऊ लागले. त्याचे वजन कधी चुकत नसे. शेवटच्या दिवशी सर्व भगिनींना मजुरी वाटली आणि त्याला मी एक लाडू दिला. तो म्हणाला, “काकू, माझे पैसे?” मी हसून म्हटले, “तुला रे काय करायचेत पैसे?” तो काही बोलला नाही, पण लाडूही खाल्ला नाही. रात्री मला झोप आली नाही. सव्वीस वर्षांचा कामसू माणूस, आणि मी त्याला पोर समजून लाडवावर भागवले! दुसऱ्या दिवशी अध्यक्षाबाईंच्या हातून सर्वांइतकीच मजुरी त्याला मिळाली. त्याने सही म्हणून आपले नाव तिरपेतारपे काढले. मंडळाच्या वहीत ते अजून आहे.

पुढे न्यायालयांनी व कायद्याने हीच दिशा धरली. २००९ साली चंडीगढच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सौम्य स्वरूपाचे मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. १९९४ साली ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांच्या बहिणींना पंधरा वर्षांनी हा मान मिळाला. २०१६ चा दिव्यांगांचा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, राखीव जागा शेकडा चार झाल्या आहेत आणि बौद्धिक अपंगत्वालाही त्यांत स्थान मिळाले आहे. पालकत्वदेखील ठराविक निर्णयापुरते, ठराविक मुदतीपुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, दोघांनी मिळून चालवावयाचे, असे हा कायदा म्हणतो.

पण कायदा काही सकाळी उठवून कामावर धाडत नाही. ते आपणांलाच करावे लागते. डोंबिवलीजवळ खोणी येथे ‘अमेय पालक संघटने’च्या आईबापांनी एकत्र येऊन मोठ्या झालेल्या मुलांसाठी ‘घरकुल’ उभारले. सर्वांना एवढे जमेल असे नाही. तथापि ज्या घरी असे मूल आहे, तेथे अठराव्या वर्षाची वाट न पाहता चौदा-पंधराव्या वर्षीच तयारी सुरू व्हावी. एकट्याने दुकानातून जिन्नस आणणे, बसचा रस्ता ओळखणे, सही किंवा अंगठा, बँकेचे खाते, अपंगत्वाचा दाखला, हे सारे शाळा चालू असतानाच शिकवता व करता येते. आणि शेजाऱ्यांनी एवढे तरी करावे, की त्याच्याविषयी त्याच्या आईला न विचारता त्यालाच विचारावे.

जाऊबाई आता नाहीत. त्यांचा मुलगा पन्नाशीला आला आहे. तो माझ्यासोबत राहतो आणि दर दिवाळीला भाजणी तोलतो. आता मीही थकले. माझ्यामागे कोण, हा प्रश्न आता माझा झाला आहे. त्याचे उत्तर मी एकटीने ठरवू नये, एवढे शहाणपण मात्र त्याने मला शिकवले. वर्धापनदिन झाला की आम्ही दोघे मंडळाच्या सभेत येऊ. त्या दिवशी भगिनींनी त्यालाच विचारावे, ही नम्र विनंती.