हडसनच्या कड्याखालची सायकलची वाट

न्यूयॉर्क शहराच्या पश्चिम अंगानें वाहणाऱ्या हडसनला नदी म्हणावें कीं खाडी, हा प्रश्न कोंकणच्या मनुष्यास पडला तर तो अस्थानीं ठरणार नाहीं. समुद्राची भरती या पात्रांत ट्रॉय गांवापर्यंत, म्हणजे सुमारें १५० मैल आंत चढते आणि दिवसांतून दोनदां पाणी उगमाकडे वाहूं लागतें. कांठच्या मूळ रहिवाशांनीं तिला दिलेल्या नांवाचा अर्थच ‘सदा हलतें पाणी’ असा सांगतात. १६०९ सालीं हेन्री हडसन डच कंपनीचें ‘हाफ मून’ जहाज घेऊन या पात्रांत शिरला, तो आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधीत. आल्बनीच्या परिसरांत पाणी उथळ झालेलें पाहून तो माघारी फिरला.

या पात्राच्या पश्चिम कांठीं, न्यू जर्सीच्या हद्दींत, ‘पॅलिसेड्स’ नांवाची काळ्या पत्थराची भिंत उभी आहे. सुमारें वीस कोटी वर्षांपूर्वीं तप्त शिलारस खडकांच्या थरांमध्यें शिरून जमिनीखालींच थिजला, त्याची ही कड. उंची कोठें तीनशें फूट, तर कोठें पांचशेंच्याही वर. कड्याच्या पायथ्याशीं पाण्याच्या लगत एक सडक जाते आणि माथ्यावरून दुसरी. जॉर्ज वॉशिंग्टन पुलापासून सायकलस्वार खालच्या सडकेनें उत्तरेस सुमारें सात मैल जातो, अल्पाइनपाशीं लांब चढ चढून माथा गांठतो व वरच्या सडकेनें पुलाकडे परततो. या फेऱ्याची रम्यता सर्वश्रुत आहे. ती शिल्लक कशी राहिली, हें मात्र तितकें सर्वश्रुत नाहीं.

हा चढ केवळ सायकलस्वारांनींच चढलेला नाहीं. २० नोव्हेंबर १७७६ रोजीं इंग्रज सेनानी कॉर्नवॉलिस यानें सुमारें पांच हजार शिपाई नदीपार उतरवून अल्पाइनच्या जवळपासच्याच एका बिकट वाटेनें माथ्यावर नेले. पैलतीरचा फोर्ट वॉशिंग्टन चारच दिवसांपूर्वीं पडला होता. आतां फोर्ट लीमधील अमेरिकन फौजेस तंबू व सामग्री टाकून हॅकेन्सॅक नदीपलीकडे निसटावें लागलें. कॉर्नवॉलिस हें नांव महाराष्ट्रीय श्रोत्यांस अपरिचित नाहीं. पुढें हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन १७९२ सालीं हरिपंत फडके यांच्या फौजेसह श्रीरंगपट्टणापुढें टिपूवर चालून गेला, तो हाच. अल्पाइनच्या धक्क्याजवळ एक जुनें घर आहे. त्यांत त्यानें मुक्काम केला होता अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, पण इतिहासकार ती ग्राह्य धरीत नाहींत.

तोफांनीं कड्याचें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें खडीमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क झपाट्यानें वाढत होतें, आणि सडकांस व काँक्रीटास लागणारा कठीण दगड शहरासमोरच, नदीच्या पलीकडे उभा होता. गंमत अशी कीं, चांगल्या रस्त्यांची हांकाटी सर्वांआधीं मोठ्यानें करणाऱ्यांत सायकलस्वारच होते. १८८० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन सायकलस्वारांच्या संघानें १८९२ पासून ‘गुड रोड्स’ नांवाचें मासिकच चालविलें. चांगला रस्ता म्हणजे खडीचा रस्ता, आणि खडीसाठीं डोंगर फोडणें आलेंच. दोष एकट्या सायकलवाल्यांचा नव्हे. परंतु ज्या कड्याच्या सावलींतून त्यांचे वंशज आज सुखानें जातात, तो फुटण्यास त्यांच्या मागणीचाही थोडा हातभार लागला. १८९७-९८ च्या सुमारास फोर्ट लीजवळचे ‘वॉशिंग्टन हेड’ व ‘इंडियन हेड’ हे दोन प्रसिद्ध सुळके सुरुंगांनीं उडविण्यांत आले.

या विध्वंसास आळा घालण्याचें श्रेय मुख्यतः न्यू जर्सीच्या महिलामंडळांच्या संघाकडे जातें. या स्त्रियांस मतदानाचा हक्क नव्हता, तो देशभर मिळण्यास १९२० साल उजाडावें लागलें. तरीही सेसिलिया गेन्स व एलिझाबेथ व्हर्मिली यांसारख्या कार्यकर्त्यांनीं असा नेट धरला कीं, सरकारी चौकशी-समितींत या दोघींस स्थान द्यावें लागलें. १९०० सालीं थिओडोर रूझवेल्ट व फॉस्टर व्होर्हीस या दोन गव्हर्नरांच्या संमतीनें दोन राज्यांचें संयुक्त उद्यान-मंडळ स्थापन झालें. मात्र न्यूयॉर्कनें दिले दहा हजार डॉलर आणि न्यू जर्सीनें पांच हजार. एवढ्यांत मोठी खाण विकत घेणें अशक्यच. मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज पर्किन्स यांनीं पेढीवाले जे. पी. मॉर्गन यांची भेट घेतली आणि मॉर्गन यांनीं १,२२,५०० डॉलर दिले. २४ डिसेंबर १९०० रोजीं तेथील सुरुंग थांबले.

कडा वांचला, पण त्याखालचीं माणसें राहिलीं नाहींत. पाण्याकांठच्या अरुंद पट्टींत कोळी, नावाडी व दगडफोडे यांचीं कुटुंबें राहात असत. मंडळानें जमिनी घेतल्या आणि वस्ती हळूहळू उठली. त्यांच्या घरांचे दगडी पाये अजून झाडींत सांपडतात. वसंत ऋतूंत समुद्रांतून अंडीं घालण्यास वर चढणारा शॅड मासा ही त्यांची सुगी. तो मासा इतका घटला कीं, न्यूयॉर्क राज्यानें २०१० सालीं हडसनमधील त्याची मासेमारी बंद केली. उद्यानाच्या इतिहासांत या कुटुंबांचा उल्लेख येतो तो बहुधा ओझरताच, आणि हें कांहीं न्यायाचें नव्हे.

खालची सडक पुढील वर्षांत टप्प्याटप्प्यानें बांधली गेली व तिला हेन्री हडसनचें नांव मिळालें. १९३१ च्या ऑक्टोबरांत ३,५०० फूट गाळ्याचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल खुला झाला आणि शहरांतला सायकलस्वार चाकांवरूनच पैलतीरीं येऊं लागला. डायकमन स्ट्रीटची तर १९४२ पर्यंत चालली. माथ्यावर पुलामुळें इमारतींची रांग उठेल या भीतीनें जॉन रॉकफेलर (धाकटे) यांनीं तेथील सुमारें सातशें एकर जमीन खरेदी करून १९३३ सालीं मंडळास दिली.

महिला-संघाच्या कामगिरीचें स्मारक म्हणून अल्पाइननजीक कड्याच्या माथ्यावर एक लहानसा दगडी बुरूज १९२९ सालीं उभारला गेला. तो हमरस्त्यापासून आंत, दाट झाडींत आहे. वरच्या सडकेनें जाणाऱ्या सायकलस्वारास तो दिसत नाहीं, खालीं उतरून पाऊलवाटेनें जावें लागतें.