पाणी की अग्नी : बेसॉल्टचा वाद आणि भूघडणीची कल्पना

पृथ्वीचे आजचे रूप कसे घडले, या प्रश्नावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात झालेल्या वादाचे वर्णन पुष्कळदा धर्मश्रद्धा विरुद्ध विज्ञान असे केले जाते. ते अपुरे आहे. निरीक्षणाची चाड दोन्ही पक्षांना होती; मतभेद होता तो बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचा अर्थ लावण्याविषयी.

सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात १७७५ पासून अध्यापन करणाऱ्या आब्राहाम वेर्नरच्या (१७४९–१८१७) मते, एकेकाळी पृथ्वी व्यापणाऱ्या महासागरातून खडक क्रमाने साचत गेले. शायबनबर्ग टेकडीवर बेसॉल्टखाली त्याला वाळू व चिकणमाती यांचे थर आढळले आणि एक थर दुसऱ्यात सलग मिसळत गेल्यासारखा दिसला. त्यावरून बेसॉल्टही पाण्यातूनच साचला, असा निष्कर्ष त्याने काढला. जिवंत ज्वालामुखी नसलेल्या खाणप्रदेशात हा निष्कर्ष स्वाभाविकच होता.

फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांताची साक्ष मात्र वेगळी होती. तेथे निकोला देमारे याने १७६३ मध्ये बेसॉल्टचे स्तंभ पाहिले आणि ते विझलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हाचेच असल्याचे पुढे प्रतिपादन केले. स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन (१७२६–१७९७) याने १७८५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आपला सिद्धांत मांडला. झिजलेल्या भूमीचा गाळ समुद्रतळाशी साचतो आणि भूगर्भातील उष्णता त्याचा खडक करून त्याला वर उचलते, असे हे चक्र होते. १७८८ मध्ये सिकर पॉइंटच्या किनाऱ्यावर त्याला उभ्या थरांच्या झिजलेल्या माथ्यांवर जवळजवळ आडवे थर विसावलेले दिसले. खालचे थर साचणे, उभे होणे, झिजणे व त्यांवर पुन्हा नवे साचणे यांस लागणारा काळ बायबलच्या परंपरेतील सुमारे सहा हजार वर्षांत मावणारा नव्हता. वितळलेला बेसॉल्ट सावकाश निवल्यास काचेऐवजी पुन्हा पाषाणरूप घेतो, हे जेम्स हॉलने १७९८ मध्ये प्रयोगाने दाखविले.

तथापि निर्णायक ठरली ती पायपीट. वेर्नरचा शिष्य दोब्युइसाँ याने १८०३ मध्ये सॅक्सनीचा बेसॉल्ट जलजन्य ठरविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८०४ मध्ये ओव्हेर्न्य पाहिल्यावर त्याने आपले मत बदलले. गुरूचा सिद्धांत सोडण्याचे बळ त्याला गुरूनेच शिकविलेल्या निरीक्षणपद्धतीतून मिळाले, हे विसरता येत नाही.

साहित्यातही या वादाचे पडसाद उमटले. जलवादाकडे कल असलेल्या गटेने १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फाउस्ट'च्या दुसऱ्या भागात थेलीझ व अ‍ॅनॅक्सागोरस या ग्रीक तत्त्वज्ञांच्या मुखी पाणी आणि अग्नी यांचे पक्ष घातले. निसर्गातील परिवर्तन संथ असते की स्फोटक, हा राज्यक्रांतीनंतरच्या युरोपाचाही प्रश्न होता.

दख्खनच्या पठाराशी या इतिहासाचा संबंध नावातूनच येतो. 'दख्खन ट्रॅप'मधील 'ट्रॅप' ही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेली संज्ञा वेर्नरच्या संप्रदायातही रूढ होती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, ज्यांत अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली, आज त्याच नावाने ओळखले जातात. जलवाद्यांचे उत्तर बेसॉल्टपुरते चुकले; थरांचा क्रम लावण्याची त्यांची शिस्त मात्र टिकली. ज्ञानाच्या इतिहासात पराभूत पक्षाचे ऋण असे शब्दांत व पद्धतीत शिल्लक राहते.