चावेझ रव्हीनची घरं आणि रेडिओवरचा स्पॅनिश आवाज

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सामन्याला आज कुणी गेलं, तर प्रेक्षकांत इंग्रजीइतकीच स्पॅनिश कानावर पडते. आपल्याला वाटतं, या शहरात मेक्सिकन लोक भरपूर, म्हणजे हे होणारच. पण इतिहास इतका सरळ नाही. ज्या टेकड्यांवर हे स्टेडियम उभं आहे, तिथे आधी मेक्सिकन कुटुंबांचीच घरं होती.

त्या भागाचं नाव चावेझ रव्हीन. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप या तिथल्या तीन वस्त्या. 1950 साली रहिवाशांना पत्रं आली: इथे सरकारी घरकुल योजना होणार, जागा सोडा. नव्या घरांत तुम्हाला पहिला हक्क, असं आश्वासनही मिळालं. बहुतेकांनी मिळेल त्या मोबदल्यात घरं दिली. मग राजकारण फिरलं. सरकारी घरं म्हणजे साम्यवाद, अशी ओरड झाली. 1953 मध्ये महापौर बदलला आणि योजनाच रद्द झाली. घरं गेली ती गेलीच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. डॉजर्सनी लोकांना उठवलं, असं सर्रास म्हटलं जातं. खरं म्हणजे संघ ब्रुकलिनहून 1958 च्या हंगामासाठी आला, तेव्हा वस्त्या जवळपास रिकाम्या झाल्या होत्या. शहराने तीच जमीन संघाला दिली. जी थोडी कुटुंबं हटली नव्हती, त्यांना 8 मे 1959 रोजी पोलिसांनी बाहेर काढलं. आरेचिगा कुटुंबातल्या एका बाईला हातपाय धरून उचलून नेलं, ते दृश्य टीव्हीवर घराघरांत दिसलं. स्टेडियम 1962 मध्ये उघडलं.

मग हेच लोक या संघाचे चाहते झाले कसे?

उत्तराचा पहिला भाग मैदानात नाही, रेडिओत आहे. 1958 पासूनच संघाचे सामने स्पॅनिशमधून ऐकू येऊ लागले. समालोचक होते निकाराग्वाचे रेने कार्देनास. पुढच्या वर्षी इक्वेडोरहून आलेले हाइमे हारीन त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीच्या काळात परगावच्या सामन्यांना ते जात नसत. स्टुडिओत बसून, इंग्रजी समालोचन कानाने ऐकत, तोंडाने स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचे! स्टेडियमात पाऊल न ठेवताही सामना घरी येत होता, आणि तोही आपल्या भाषेत.

दुसरा भाग 1981 चा. ठरलेला पिचर, म्हणजे क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा खेळाडू, जखमी झाला म्हणून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात वीस वर्षांच्या एका पोराला उतरवलं. फर्नांडो वालेन्झुएला. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातल्या लहानशा खेड्यातला, बारा भावंडांत धाकटा. अंगाने जाडसर, चेंडू टाकताना नजर आभाळाकडे, आणि इंग्रजी जवळपास येत नाही. त्याने पहिले आठही सामने जिंकले. त्यांतल्या पाच सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही. पत्रकार परिषदेत दुभाषी म्हणून शेजारी बसायचे तेच हारीन. शेतमजूर, हॉटेलात भांडी घासणारे, कारखान्यात राबणारे, सगळे स्टेडियमात येऊ लागले. आपल्यासारखा दिसणारा माणूस मधोमध उभा होता ना!

पण म्हणून जुनी जखम भरली, असं आपण म्हणायचं का? नाही. काही विस्थापितांनी त्या स्टेडियमात कधीच पाऊल ठेवलं नाही. स्वतःला ‘लोस देस्तेर्रादोस’, म्हणजे हद्दपार झालेले, म्हणवणारे जुने रहिवासी शेजारच्या एलिजियन पार्कमध्ये वर्षानुवर्षं एकत्र जमत आले. आणि एकाच घरात असंही दिसतं, की आजी त्या टेकडीकडे बघत नाही आणि नातू चौतीस नंबरचा शर्ट घालून तिकडेच निघालेला असतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये वालेन्झुएला गेला, तेव्हा लोकांनी स्टेडियमच्या दाराशी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या. आपण बाहेरून बघणारे याला विसरभोळेपणा समजू, पण तसं नाही. ज्या जागेवरून घालवलं, तिथे आपल्या भाषेत ओरडण्याचा हक्क या लोकांनी कमावला. घरं मात्र परत मिळाली नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवू या आणि आज इथे थांबू.