तान्ह्या वर्षाची ओळख

मानोरा तालुक्यातल्या एका गावात, होळीच्या सुमारास, ओसरीवर बसलेल्या एका आजीबाईंना मी त्यांच्या नातवाचं वय विचारलं. "पोयाच्या करीले झालं. आता बसते," त्या म्हणाल्या. मी मनात महिने मोजू लागले. पोळ्याची कर म्हणजे भाद्रपदाचा पहिला दिवस आणि आता फाल्गुन, म्हणजे साडेसहा महिने. हिशेब जुळल्यावर लक्षात आलं की आजींनी दोन उत्तरं दिली होती. बाळ किती दिवसांचं हे एक आणि बाळ काय करतं हे दुसरं. या पुस्तकाचा विषय त्या दोन उत्तरांच्या मध्ये आहे.

अभ्यासक पहिल्याला वाढीशी जोडतात आणि दुसऱ्याला विकास म्हणतात. वाढ मोजता येते. विकास पाहावा लागतो. आपण मोजायला बऱ्यापैकी शिकलो, पाहायला मात्र विसरत चाललो, असं माझं स्पष्ट मत आहे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. 2018 साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, आणि आरोग्य व पोषण हा त्या कार्यक्रमातला मोठा विषय. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत महिन्याच्या महिन्याला बाळं काट्यावर चढतात. ते काम मोलाचं आहे. पण बाळ मान धरतं का, हाकेला वळतं का, ही दुसरी नोंद त्याच माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांसह छापलेली असते आणि अनेकदा कोरी राहते.

आधी वाढीचं बोलू. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण 50 सेंटिमीटर लांबीचं जन्मतं आणि वर्षाअखेर सुमारे 75 सेंटिमीटरचं होतं. जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. पुढच्या आयुष्यात शरीर इतक्या वेगानं पुन्हा कधीच वाढत नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. हे ठाऊक नसलेलं घर घाबरतं, आणि त्या घाबरण्यातून वरचं दूध सुरू होतं. चिकाचंही असंच. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी कौतुकानं वाटतो. बाळंतिणीचा चीक मात्र कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला. रोगांशी लढणारी द्रव्यं त्या पिवळसर, दाट थेंबांत सर्वांत जास्त असतात. पहिले सहा महिने आईचं दूध पुरेसं असतं. घुटी, मध, पाणी यांतलं काहीही लागत नाही.

वजनाच्या आकड्याबद्दल महाराष्ट्रातल्याच एका संशोधनानं जगाला नवा धडा दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं लहान आणि बारीक होती, तरी अंगावरची चरबी त्या मानानं टिकून होती. उणीव होती ती स्नायूंत. त्यामुळे काट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही. बाळाच्या वर्षाची सुरुवात आईच्या ताटापासून होते, हेही या अभ्यासातून ठळक झालं.

आता विकासाकडे वळू. इथे आपल्या भाषेचा मला अभिमान वाटतो. मान धरणं, कुशीवर वळणं, पालथं पडणं, टेकून बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, पाऊल टाकणं ही क्रियापदं कुणा शास्त्रज्ञानं घडवलेली नाहीत. बाळाला तेल लावणाऱ्या, पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी ती निरखून ठेवली. त्यांचा क्रम पाहा. ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो: आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी तळपाय. हातांतही तसंच. आधी अख्खा हात वस्तूवर झेप घेतो, मग मुठीत खुळखुळा येतो आणि नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा व तर्जनीच्या चिमटीत जमिनीवर सांडलेला मुरमुरा येतो. त्या चिमटीनं बाळ मुरमुरा तोंडात नेतं तो क्षण मला पहिल्या पावलाइतकाच मोठा वाटतो. (तो मुरमुरा घशात अडकू शकतो, म्हणून डोळा ठेवावा.)

हे सगळं कितव्या महिन्यात व्हावं? इथे शेजारणीच्या बाळाशी तुलना सुरू होते आणि आईची झोप उडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात सहा देशांत बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. आपल्या देशातलं केंद्र दिल्लीत होतं. निरोगी बाळं आधाराशिवाय 3.8 ते 9.2 महिन्यांदरम्यान बसू लागली आणि 8.2 ते 17.6 महिन्यांदरम्यान एकटी चालू लागली. काही बाळं, शंभरातली चारेक, हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. शास्त्र इथे तारीख देत नाही, खिडकी देते. खिडकीच्या आत सगळी बाळं आपापल्या वेळेनं येतात. खिडकी बंद झाली तरी बाळ आलं नाही, तर वाट पाहू नये. आणि दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते दोन महिने वजा करावेत. सहाव्या महिन्यात त्याच्याकडून चौथ्या महिन्याचीच अपेक्षा ठेवावी.

भारतीय बाळांसाठी मोजपट्टी भारतीय बाळांवरून तयार व्हावी, यासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी आयुष्यातली बरीच वर्षं दिली. बाळांच्या अंगहालचाली आणि बुद्धी यांच्या पहिल्या अडीच वर्षांतल्या विकासाची त्यांची कसोटी देशभरच्या बालविकास केंद्रांत वापरली गेली. त्यात 67 बाबी हालचालींच्या आणि 163 बाबी मनाच्या आहेत. मनाच्या बाबी दुपटीहून अधिक आहेत, हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. हालचाल डोळ्यांना दिसते. मन पाहायला धीर लागतो.

मनाचं एक उदाहरण मला फार आवडतं. नवजात बाळाला आईचा आवाज ओळखू येतो. तो त्यानं गर्भातच ऐकलेला असतो. पण त्याचा कान अजून कुठल्याच एका भाषेचा नसतो. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवलं की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळंही हिंदीतल्या 'ट' आणि 'त'मधला फरक ऐकतात, आणि वर्ष भरेपर्यंत बहुतेकांची ती क्षमता मावळते, कारण घरात तो फरक कुणी वापरत नाही. आपल्या बाळाचा कान तो फरक जपतो. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी बाळ आपल्या गावचं झालेलं असतं. पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यावर आजी गोरमाटीत गाते आणि बाजारात वऱ्हाडी कानांवर पडते. असं बाळ गोंधळत नाही, दोन्ही साठवत जातं. म्हणून लेकराशी बोलावं, त्याच्या हुंकाराला हुंकार द्यावा आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं. हा खुराक फुकट आहे.

काही समजुतींबद्दल रोखठोक बोलायला हवं. सहाव्या महिन्यात बाळ एकाच हातानं वस्तू घेऊ लागलं की घरात कौतुक होतं, "डावरा होणार!" वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हातात अशक्तपणा नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. दुसरी गोष्ट पांगुळगाड्याची. आपल्या सुतारांनी घडवलेला लाकडी गाडा बाळ उभं राहून ढकलतं, स्वतःच्या पायांवर भार घेतं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये ते बसवलं जातं. त्यानं चालणं लवकर येत नाही आणि उलटून पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडानं 2004 साली अशा वॉकरवर बंदी घातली. आपण बारशाला ते भेट देणं तरी थांबवू.

आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत काय? आई पहाटेच शेतात, बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत, झोका द्यायला सात वर्षांची ताई. झोळीत बाळ शांत झोपतं, पण पालथं पडायला, सरकायला, रांगायला त्याला सपाट जमीन लागते. बहुतेक गावांत पाळणाघर नाही. मला ही आईची चूक वाटत नाही. गावानं करायचं काम राहून गेलं आहे.

ते काम गाव करू शकतं, याचा पुरावा विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'नं छापलं. 2011 पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते याच वाटेनं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. 2018 पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटीही त्यात आल्या. बाळ जगवण्यापासून बाळ पाहण्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

विद्यार्थ्यांना, अंगणवाडीताईंना, नव्या आईबापांना माझी एक विनंती आहे. पुढचं प्रकरण उघडण्याआधी तान्हं असलेल्या एखाद्या घरी जा. सतरंजीवर बाळाजवळ अर्धा तास बसा. उचलू नका, खेळवू नका. त्यानं काय पाहिलं, कशाकडे हात नेला, कुणाच्या आवाजाला मान वळवली, ते वहीत लिहा. मग त्याच्या आजीला विचारा, लेकरू आता काय करते, आणि तेही शेजारी लिहून घ्या.