कापडाच्या रंगातून आतड्याच्या औषधापर्यंत

सल्फासॅलॅझिनची गोळी सुरू केल्यावर लघवी नारिंगी झाली, म्हणून घाबरून औषध बंद करणारे रुग्ण आम्हा डॉक्टरांना नेहमी भेटतात. तुम्ही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत किंवा उल्हासनगरच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करत असाल, तर या नारिंगी रंगाचे तुमच्या कामाशी जवळचे नाते आहे. ते कसे, ते आज पाहू.

आधी आजाराविषयी. शौचातून वारंवार रक्त आणि आव पडणे, पोटात कळ येणे, रात्री उठून जावे लागणे ही अल्सरेटिव्ह कोलायटिसची लक्षणे आहेत. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी हा जंतूंच्या हगवणीपेक्षा वेगळा आजार असल्याचे लिहिले. औषध मिळायला मात्र पुढची ऐंशी वर्षे गेली.

ते औषध रंगांच्या वाटेने आले. कापडाच्या अनेक रंगांत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. याला अझो बंध म्हणतात. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचा असाच एक लाल रंग जंतूंवर चालतो हे दाखवले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. मग स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी एक सल्फा औषध आणि ॲस्पिरिनच्या कुळातला सॅलिसिलेट हा पदार्थ अझो बंधाने जोडून घेतला. तेच सल्फासॅलॅझिन. ते सांधेवातासाठी बनवले होते, पण कोलायटिसच्या रुग्णांनाही त्याने आराम पडला. १९४२ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले.

यातला नेमका कोणता भाग काम करतो, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डला कळले. बांगलादेशचे डॉ. ए. के. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खे औषध आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या रुग्णांना एनिमातून देऊन पाहिले. गुण आला तो सॅलिसिलेटच्या भागाने, म्हणजे मेसॅलॅझिनने. अझो बंध पोटात किंवा लहान आतड्यात तुटत नाही. तो मोठ्या आतड्यातले जंतू तोडतात. म्हणजे औषध बंद पाकिटातून थेट दुखऱ्या जागी पोचते. आज अनेकांना नुसत्या मेसॅलॅझिनच्या गोळ्या देतात, त्या याच शोधामुळे.

पण सूज कमी होते कशी? इथे जनुके येतात. प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. कोणते कधी चालू राहायचे, हे ठरवणारी बटणे वेगळी. असे एक बटण, एनएफ-कप्पा-बी, रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधले. सूज वाढवणारी अनेक जनुके ते चालू करते, आणि कोलायटिसमध्ये ते दाबलेलेच राहते. सल्फासॅलॅझिन त्याला अडवते, हे १९९८ मध्ये पेशींवरील प्रयोगांत दिसले. मेसॅलॅझिन सूज शमवणारे दुसरे एक बटण चालू करते, हे २००५ मध्ये दिसले. रुग्ण बरे होत होते. कारण साठ वर्षांनी कळले.

"मग हे आमच्या मुलांना होणार का?" हा प्रश्न आई-वडील हमखास विचारतात. याच कुळातल्या क्रोन्स आजाराशी जोडलेले नॉड-२ हे पहिले जनुक २००१ मध्ये सापडले. युरोपीय रुग्णांत आढळलेले त्यातले प्रमुख बदल भारतीय रुग्णांत क्वचितच दिसले. पुढे अशा २०० हून जास्त जागा सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक जनुकांत नसून बटणांच्या भागांत आहेत. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. घराण्यात आजार असेल तर धोका थोडा वाढतो, इतकेच. त्यावरून मुलीचे लग्न अडवू नका.

आता मुद्द्याचे. लघवीचा नारिंगी रंग हा औषधाचा रंग आहे. तो निरुपद्रवी आहे. रक्त थांबले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, कारण बटण पुन्हा दाबले जाते आणि आजार उलटतो. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. सल्फासॅलॅझिनसोबत फॉलिक ॲसिड घ्या आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. पुरुषांत या औषधाने शुक्राणू तात्पुरते कमी होऊ शकतात, म्हणून मूल हवे असेल तर डॉक्टरांशी बोला. अंगावर पुरळ उठले, ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.